धाकू, जमीन तरी माझी होती

तुझ्या अस्थी समुद्रात कोणी न्यायच्या यावरून परवा भांडण झालं, धाकू. भांडण मीच काढलं. तुझा मेव्हणा काशीनाथ म्हणाला, मचवा माझा आहे, मीच नेतो. नामाभाऊंनी किनाऱ्यावरूनच हात जोडावेत, त्यांना बोट लागते. त्याचं काही चुकलं नव्हतं. कोळ्याच्या पोटी जन्मून मला बोट लागते, होडीत पाय ठेवला की पोट ढवळतं, हे थळच्या अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. पण चार बायका पदराआड हसल्या, तुझी बायको रडायची थांबून माझ्याकडे बघायला लागली, आणि माझं डोकंच फिरलं.

"त्याला मुलगा न्हाय," मी म्हटलं. "मावसभाऊ हाय मी त्याचा. अस्थी मीच नेनार."

"आनि वाटंत वकायला लागलास तर?" काशीनाथनं विचारलं.

"तर वकीन!"

आता तू नाहीस, म्हणून तुलाच सांगतो. त्या वेळी माझ्या मनात दुःखापेक्षा जळफळाट जास्त होता. तुला आठवत असेल, तू कुठंही निघालास की मी किनाऱ्यावर उभा राहून हात हलवायचा, हा आपला ठरलेला रिवाज. शेवटच्या खेपेलाही मी हातच हलवायचा? ते मला सोसवेना.

आणि त्याआधीचं ऐक. तुला जाळून आम्ही परत येत होतो, तेव्हा लोक काय बोलत होते? तू होडीचा तांडेल म्हणून कसा होतास, वादळात कोणाची होडी ओढून आणलीस, असलं काही नाही. हत्ती! पोशातात्या पुढं चालत होता आणि स्मशानाचा धूर मागं दिसत असताना म्हणत होता, "धाकूनं आफ्रिकंत येकल्यानं तंबू ठोकला, आन हत्ती आलं बघ त्याच्या दाराशी." बाकीचे माना डोलावत होते. मी सगळ्यात मागं होतो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही मला तुझा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा करणारा मी पहिलाच असेन. जिवंतपणी केला तेवढा पुरला नाही बहुतेक.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या पोटापासून. आपण दोघं एकाच मोसमात पहिल्यांदा होडीवर गेलो. तू होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून आरडत होतास आणि मी तळाशी मासळीच्या टोपल्यांत डोकं घालून पडलो होतो. बानं काय काय केलं नाही! लिंबू चोखवलं, खारं पाणी पाजलं, खांदेरी बेटावरच्या वेताळाचा अंगारा लावला. होडी हलली की मी पुन्हा कठड्यावर. शेवटी बा म्हणाला, हा पोरगा जमिनीचाच कोळी दिसतोय. ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. मला शाळेत घातलं, म्हणून चार अक्षरं तुझ्यापेक्षा जास्त शिकलो, आणि पुढं उंडीच्या झाडाखाली मामाजवळ शिडं शिवायला बसवलं. दुसऱ्यांनी वाऱ्यावर जावं म्हणून मी सुई चालवायची. हसायलाच हवं असं नशीब.

पण जमीन माझी होती, धाकू. रान माझं होतं. हे तू कितीही नाकबूल केलंस तरी कनकेश्वरचा डोंगर साक्षीला आहे. होडी किनाऱ्याला लागली की तू माझ्यामागं डोंगरावर यायचास, आणि तिथं पोचलास की तुझी सगळी मर्दुमकी गळून जायची. झाडावर माकड हललं तरी तू माझ्या सदऱ्याचं टोक धरायचास. एकदा पाणवठ्याच्या चिखलात मी तुला बिबट्याच्या पायाचा ठसा दाखवला. ताजा होता, कडा अजून ओल्या होत्या. तू सदरा असा ओढलास की पाठीवर टर्रकन फाटला. घरी आईनं मला बदडलं, आणि तू कोपऱ्यात उभा राहून निमूट बघत राहिलास. मी तुझं नाव सांगितलं नाही.

त्या डोंगरावर मी तुला वारा शिकवला. समुद्रावरचा वारा तुला कळत होता, पण रानातला कळत नव्हता. जनावर बघायचं तर वारा तोंडावर घेऊन बसायचं, पाठीवर घेतलास तर तुझा वास आधी पोचेल, हे मी शिकवलं. जनावराच्या डोळ्यांत बघायचं नाही, हेही मीच. पक्षी एकदम गप्प झाले तर आपणही थांबायचं, हेसुद्धा. तेव्हा आपली वाटणी ठरून गेली होती. समुद्रात तू पुढं, रानात मी पुढं. कोणी बोललं नाही, पण ठरलं होतं. निदान मी तरी तसं धरून चाललो.

मग तू खलाशी म्हणून मुंबईला गेलास आणि तिथून मोंबासाला जाणाऱ्या आगबोटीवर चढलास. जर्मनांची लढाई संपून काही वर्षं झाली होती, आणि आपल्या किनाऱ्यावरचे बरेच जण तिकडं गोदीत कामाला जात होते. तू निघालास तेव्हा डेकवर अंथरायला-पांघरायला म्हणून मी तुला एक जाडजूड कापड शिवून दिलं, जुन्या शिडाचं, कडेला दुहेरी टाके घालून. आफ्रिकेचं नाव ऐकून मी हसलोच होतो. तिथं जनावरं असतात म्हणे, मी म्हणालो, गोदी सोडून आत जाऊ नकोस, तिथं धरायला माझा सदरा नाही. तूही हसलास. म्हणालास, "मी कशाला जातो मरायला!"

आणि त्याच कापडाचा तू तंबू केलास.

माझ्या हातचं कापड आफ्रिका बघून आलं, धाकू. मी नाही. त्या कापडाचादेखील मी हेवा केलाय, तुला कधी सांगितलं नाही एवढंच. तू परत आलास तेव्हा ते भोकं पडलेलं, लाल मातीनं माखलेलं कापड माझ्यापुढं टाकलंस आणि म्हणालास, "टाकं न्हाय उसवलं रं तुझं." मी ते पुढचे कित्येक दिवस धुतलं नाही. बायको म्हणाली, "घान कशापाई ठेवलीय घरात?" मी म्हणालो, असू दे. त्या मातीला एक वेगळाच वास होता. तो मी तू नसताना घ्यायचो.

तुझी गोष्ट मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. का नसेल? तू ती सांगायला बसायचास तो माझ्याच उंडीच्या झाडाखाली, मी शीड मांडीवर घेऊन शिवत असताना. जाळी विणायला येणारे, सुकवलेली मासळी उलटायला आलेल्या बाया, सगळे तुझ्याभोवती, आणि सुई माझ्या हातात. गोदीत काही दिवस काम बंद होतं. तू आगगाडीत बसलास आणि वोई नावाच्या ठेसनावर उतरून चालायला लागलास. बरोबर कोणी नाही. साहेब लोक त्या मुलखात जातात तेव्हा बरोबर बंदुका, आचारी, ओझी वाहणारी माणसं असा सगळा लवाजमा असतो म्हणे. तुझ्याकडं माझं कापड, एक पातेलं, तांदूळ, काड्यापेटी आणि घरून मागवलेले सुके बोंबील.

बोंबील! कोळ्याच्या जातीशिवाय दुसरं कोणी ही चूक करणार नाही. रानात पहिल्याच मुक्कामाला तू तंबूसमोर दोरी बांधलीस आणि बोंबलांना जरा ऊन दाखवावं म्हणून आपल्या अंगणात टांगतात तसे ते टांगून ठेवलेस. तुझं म्हणणं, पिशवीत दमट झाले होते. त्या वासानं तरस आले. एक नाही, गावजेवणाला यावेत तसे आले. दिवस बुडायच्या आतच त्यांनी बोंबील खाल्ले, दोरी खाल्ली, आणि तुझं पातेलं चाटत चाटत घेऊन गेले. तू हे सांगायचास तेव्हा बाया पोट धरून हसायच्या. माझी बायको तर डोळे पुसायची. माझ्या कोणत्या बोलण्यावर ती कधी इतकी हसली, मला आठवत नाही.

दुसरी चूक तुझ्या गोष्टीचं सोनं झाली. चालून चालून तुला एक कोरडी नदी लागली. पाणी नाही, नुसती पांढरी, मऊ, स्वच्छ वाळू. कोणत्याही शहाण्या माणसानं उंच काठावर तंबू ठोकला असता, कारण तसली नदी म्हणजे जनावरांचा हमरस्ता. पण तू पडलास पुळणीवरचा माणूस. वाळू दिसली की आपल्याला ती घरच्या अंथरुणासारखी वाटते. जाळी तिथं, होडी तिथं, दुपारची झोपही तिथंच. तू ऐन मध्यावर तंबू ठोकलास आणि पाय पसरलेस. पहाटे फटफटताना जाग आली ती कोणीतरी खणत असल्याच्या आवाजानं. कापडाच्या फटीतून बघितलंस तर हत्ती. पायानं वाळू उकरत होते, सोंडेनं बाजूला सारत होते.

इथं तू नेहमी थांबायचास. विडी पेटवायचास. मग आवाज खाली आणून म्हणायचास, "आपून पुलनीवर गोड्या पान्याला खड्डा करतो का न्हाय? तसा. आगदी तसाच. आपल्या बाया करतात तसा." हत्तींनी खड्डा खणला, पाणी झिरपून वर येईस्तोवर शहाण्या माणसांसारखे वाट बघत उभे राहिले, आधी पिल्लांना पाजलं, मग स्वतः प्यायले. तू तंबूत बसून, वारा तोंडावर घेऊन, श्वास बारीक करून बघत राहिलास. ते गेल्यावर त्याच खड्ड्यातलं पाणी तू ओंजळीनं प्यायलास.

दर वर्षी त्यात हत्ती वाढत गेले हे मात्र मान्य कर. सुरुवातीला मायलेकरं आणि एक म्हातारी होती. गेल्या शिमग्यात तू सांगितलंस तेव्हा नदीत हत्ती मावत नव्हते. मी टोकलं, तर तू म्हणालास, "तू मोजायला हुतास काय?" सगळे हसले.

नव्हतो. तेच तर माझं दुखणं होतं.

मला तुझ्या सिंहाचं काही वाटलं नाही. सिंह ओरडत नाही, आपल्या आबाजीसारखा पहाटे खोकला काढतो, असं तू म्हणायचास, ते मला आवडायचं. जिराफ पाणी पिताना होडीला टेकू लावल्यासारखे पाय फाकतो, हेही. लढाईतल्या चरांमध्ये गंजलेले डबे आणि त्यांत घरटी करून राहिलेले पक्षी, हे तर मला फारच आवडायचं. राग यायचा तो एका जागी. "वारा तोंडावर घेऊन." तिथं तू एकदाही म्हणाला नाहीस की हे मला नामानं शिकवलं. एकदाही! जनावराच्या डोळ्यांत बघितलं नाही म्हणालास, पक्षी गप्प झाले म्हणून थांबलो म्हणालास, आणि ऐकणारे म्हणायचे, काय धाकूचं डोकं! मी दाताखाली दोरा तोडायचो. समुद्र तुझा होता, तो तुला लखलाभ. जमीन तरी माझी राहू द्यायची होतीस. तीही उचललीस, आणि वर माझ्याच झाडाखाली बसून ती वाटलीस.

तू सगळ्यांना काही ना काही आणलं होतंस. तुझ्या बायकोला रंगीत कापड, माझ्या बायकोला मण्यांची माळ, पोरांना लाकडाची जनावरं. मला काटा. तिकडच्या बाभळीचा पांढराशुभ्र, बोटाएवढा लांब काटा. म्हणालास, "रानातलं तुलाच कळंल." मला वाटलं, थट्टा करतोस. आज वाटतं, कदाचित करत नव्हतास. तेव्हा मी तो घेऊन नुसतं "बरं" म्हणालो.

खरं तर तू मला न्यायला तयार होतास, हे मी कोणाला सांगत नाही. परत आल्यावर वर्षभरातच म्हणालास, चल, आता दोघं जाऊ, जमिनीवर तू पुढं चाल. मी रात्रंदिवस त्याचाच विचार केला. मोंबासापर्यंतचा समुद्र मध्ये होता ना पण! जमिनीवर पोचायला आधी पाणी ओलांडावं लागतं, ही कोणी केलेली रचना आहे देव जाणे. तू म्हणालास, सवय करू, आधी खांदेरीपर्यंत जाऊन येऊ, वेताळाला नारळ देऊ. आपण निघालो. उंदेरी बेटाच्या अलीकडंच माझ्या तोंडाला फेस आला. तू माझ्याकडं बघितलंस आणि न विचारता होडी फिरवलीस. हसला असतास तर मी सहन केलं असतं. तू हसला नाहीस, वाड्यात कोणाला सांगितलंही नाहीस. नारळ परत आणून माझ्या घरी दिलास आणि म्हणालास, चटणी करा. तुझा हा चांगुलपणा मला सगळ्यात जास्त बोचायचा. ज्याचा हेवा करायचा तो माणूस जरा वाईट तरी असावा!

त्यानंतर आफ्रिकेचं निघालं की मी भांडायचो. हत्तींच्या संख्येवरून, नदीच्या रुंदीवरून, कशावरूनही. आत काय सलत होतं ते मला या दिवाळीनंतर विचारता आलं. तू उन्हाला बसला होतास, तुला खोकला लागला होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. मी शिडावरून मान न उचलता म्हणालो, "धाकू, माझ्यासाठी थांबला का न्हाईस तवा? येक निरोप धाडायचास. मी आलो असतो, आडवा पडून आलो असतो."

तू म्हणालास, "तू आला असतास तर मी तुज्याच पाठी चाललो असतो, नामा. तुजा सदरा धरून. हत्ती मला तुज्या पाठीआडून दिसलं असतं."

मी म्हणालो, "मंग येकदा तरी माजं नाव घ्यायचंस. वारा तुला कुनी शिकवला?"

"तूच. आनि कुनी?" तू म्हणालास. "पन नाव घेतलं की तू तिथं हुतास आसं व्हतं. मंग मी येकला कसला? सगल्या जल्मात मी येकदाच रानात येकला गेलो रं. लई भ्यालो. पन तेवडंच माजं हाय. तेवडं ऱ्हाऊ दे की मला."

"आन मी?"

"तू काय? तू तर संगट हुतासच, मेल्या. डोक्यात. काय चुकलं की वाटायचं, आता नामा हसंल."

यावर एखादा भला माणूस गहिवरला असता. मी नाही गहिवरलो. मला वाटलं, तुझ्या डोक्यात राहून मला हत्ती थोडाच दिसला? मला हत्ती बघायचा होता, धाकू. माझ्या डोळ्यांनी, त्या पांढऱ्या वाळूत, पाणी झिरपायची वाट बघत उभा राहिलेला हत्ती. मी सुई खाली ठेवली, दोऱ्याला मेण लावायला घेतलं आणि म्हणालो, "खोकल्याला काढा घे." तू "व्हय" म्हणालास. आपलं त्या विषयावरचं बोलणं तिथंच संपलं.

मला आणखी बोलायचं होतं. मी शब्द जुळवत होतो. इतकी वर्षं मी समजत होतो की तू माझी जमीन चोरलीस, आणि तू सांगतोस की माझ्यापासून सुटायला तू एवढा समुद्र ओलांडलास. म्हणजे कनकेश्वरावर मी पुढं चालत होतो तेव्हा मागून तूही जळतच होतास की काय? हे विचारायचं होतं मला. मला ते ऐकून बरं वाटलं असतं, हे कबूल करतो. पण खोकला छातीत उतरला, ताप चढला, आणि अलिबागचा डॉक्टर येऊन गेला तोवर तुझ्या बोलण्याचा अर्थ लागत नव्हता. शेवटी शेवटी तू कापड मागत होतास. वहिनीनं गोधडी दिली, ती तू ढकललीस. मला माहीत होतं तुला कुठलं कापड हवंय. मी घरून आणून तुझ्या अंगावर घातलं. त्यातच तू गेलास, आणि ते तुझ्याबरोबरच जळलं. वास घ्यायलाही काही ठेवलं नाहीस.

तर कालचं सांगतो. तुला कळायला हवं.

पहाटेचा जमिनीवरून समुद्राकडं वाहणारा मतलई वारा सुटल्यावर मचवा निघाला. काशीनाथ सुकाणूवर, दोन खलाशी शिडाशी, आणि मी मडकं मांडीत घेऊन मध्ये. शीड माझ्याच हातचं होतं. मी ते फुगलेलं असं खालून कधी बघितलं नव्हतं. बघायला बरं वाटत होतं, पण फार वेळ नाही. वाड्याचं शेवटचं झाड दिसेनासं झालं तसं पोट उठलं. मी मडकं एका हातानं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं कठडा. उंदेरी आली तोवर माझ्यात ओकायला काही उरलं नव्हतं, तरी पोट थांबेना. काशीनाथ दोनदा म्हणाला, "भाऊ, इथंच सोडू का? इथं बी समुद्रच हाय." मी मानेनंच नको म्हटलं.

खांदेरी मागं पडली. दीपगृह पाठीशी गेलं, वेताळाला खलाशांनी होडीतूनच हात जोडले. मग काशीनाथनं शीड सैल केलं आणि मचवा डुलत उभा राहिला. उभा मचवा चालत्यापेक्षा वाईट, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी गुडघ्यांवर आलो, कठड्यावर वाकलो आणि तुला पाण्यात सोडलं. थोडी राख वाऱ्यानं माझ्याच अंगावर आली. मग फुलं, मग नारळ. मी तसाच वाकलेला राहिलो, कारण पुन्हा उमासा आला होता. काशीनाथला वाटलं, दुःखानं मोडलोय. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "रड भाऊ, मोकला रड," तो म्हणाला. मी रडत नव्हतो. पण त्यानं म्हटल्यावर खरंच रडू आलं, आणि मग रडणं कुठलं आणि ओकणं कुठलं ते माझं मलाच समजेना.

पाणी हिरवं होतं. तू त्यात कुठं दिसत नव्हतास. मला एवढंच वाटत होतं, की गेलास ना पुन्हा? पुन्हा एकटा गेलास, पुन्हा मला न विचारता, आणि या वेळी परत येऊन सांगणारही नाहीस. तिथं काय आहे, कोण भेटलं, कशाची भीती वाटली, काही कळणार नाही. मी कोणाशी भांडू? आयुष्यभर तुझं ऐकून घेतलं, आणि आता ऐकायलाही काही नाही. इतका राग मला तुझा कधीच आला नव्हता.

मी तोंड धुतलं. डोकं वर केलं तेव्हा समोर जमीन नव्हती. मागं होती, खांदेरी होती, त्यापलीकडं आपला किनारा असणार. समोर मात्र पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि ते पुढं पुढं गेलं होतं. मी इतकं मोकळं काही कधी बघितलं नव्हतं. पोट अजून ढवळतच होतं.

"झालं न्हवं भाऊ?" काशीनाथनं विचारलं. "फिरवू आता?"

"नको," मी म्हणालो. "अजून जरा म्होरं घे."

"म्होरं काय हाय?"

"मला कुठं ठाव? मी कवा आलोय हितं?"

काशीनाथनं माझ्याकडं बघितलं. माझ्या दाढीला राख लागली होती आणि ओठांना खारं पाणी. मग त्यानं शीड पुन्हा ताणायला सांगितलं आणि सुकाणू होतं तसंच सरळ धरलं.